धरून भिजवणाऱ्यांना

"एकदा घट्ट धरा, नळाखाली भिजवा. दोन-चारदा केलं की ओरडायचा थांबतो." पाळीव पोपटाच्या आंघोळीबद्दलचा हा सल्ला इतक्या ठिकाणी आणि इतक्या खात्रीने दिला जातो की देणाऱ्याला शंकाही येत नाही. पक्षी विकणारा हेच सांगतो, शेजारच्या बिल्डिंगमधले पोपटवाले काकाही हेच सांगतात. घरातली वडीलधारी माणसंसुद्धा सांगतात, कारण लहान मुलांची पाण्याची भीती त्यांनी अशीच मोडलेली असते. या सल्ल्यातली एक गोष्ट खरी आहे, ती आधीच मान्य करतो. पोपट ओरडायचा खरंच थांबतो. माझं भांडण तो का थांबतो यावरून आहे.

कुठल्या पोपटाबद्दल बोलतोय तेही सांगून टाकतो. आपल्याकडे पेरूच्या झाडावर थव्याने उतरणारा, गळ्याभोवती गुलाबी पट्टा असलेला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. त्याच्या आंघोळीचा प्रश्न वनखात्याला फोन केला की सुटतो. कायद्याने घरात ठेवता येतात ते परदेशी: ऑस्ट्रेलियातले बजी आणि कॉकटील, आफ्रिकेतले लव्हबर्ड, दक्षिण अमेरिकेतले कॉन्युअर, आणि ऐपत असेल तर आफ्रिकन ग्रे किंवा मकाव. (कॉन्युअर, ग्रे, मकाव यांची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पक्षी विकताना हे सांगायला मात्र बऱ्याच जणांना आठवत नाही.) मी मुख्यतः कॉकटीलबद्दल लिहितोय. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये सध्या तोच सगळीकडे दिसतो, आणि नळाखाली सगळ्यात जास्त धरलाही तोच जातो.

आधी शरीराचं पाहू, कारण इथे मतभेदाला जागाच नाही. पक्ष्याला आपल्यासारखं छाती आणि पोट यांच्यामधलं पटल नसतं. छातीचं हाड खाली-वर हलवून तो हवा आत घेतो आणि बाहेर टाकतो. छाती मुठीत आवळली की नाक-तोंड मोकळं असूनही त्याचा श्वास अडतो. कॉकटीलचं वजन असतं साधारण 80 ते 100 ग्रॅम. ओला, धडपडणारा एवढासा जीव निसटू नये म्हणून माणसाची मूठ आपोआप घट्ट होते आणि किती घट्ट झाली याचा त्याला पत्ता लागत नाही. त्यात वरून नळाची धार. चोचीच्या मुळाशी असलेल्या नाकपुड्यांवर पाणी पडलं तर ते श्वासमार्गात जाऊ शकतं. म्हणजे "शांत झाला" असं आपण ज्याला म्हणतो, तो पक्षी त्या क्षणी श्वासासाठी झगडत असू शकतो. सल्ला देणाऱ्यांपैकी कितीजणांनी याचा विचार केलाय?

समजा, धरणारा हात सराईत आहे, छाती मोकळी सोडतो, धार अंगावरच पाडतो. तरीही तिसऱ्या-चौथ्या वेळी पोपट गप्प बसतो आणि आपण म्हणतो, झाली सवय. 1967 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले विजेच्या धक्क्यांचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. काहीही केलं तरी धक्का चुकत नाही असा अनुभव आलेले कुत्रे, पुढे पळायची वाट मोकळी असतानाही बहुतेक वेळा पडून राहिले. हार मानणं हे प्राणी शिकतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. गंमत म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, याच दोघांनी आपला निष्कर्ष उलटा केला. दीर्घकाळ चाललेल्या त्रासासमोर निपचित पडणं ही मेंदूची मूळची प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते "माझ्या करण्याने काही बदलतं" हे, असं त्यांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे मांडलं. हे प्रयोग पोपटांवर झालेले नाहीत, त्यामुळे ते जसेच्या तसे पिंजऱ्यात आणून ठेवणार नाही. पण नळाखाली गप्प बसलेल्या पक्ष्याकडे पाहून "याला आता आवडायला लागलं" असं म्हणणाऱ्याने एवढं तरी सांगावं, की आवडणं आणि हार मानणं यातला फरक त्याने कशावरून ओळखला?

फरक ओळखता येतो. पाणी हवं असलेला पोपट पंख अंगापासून सैल सोडतो, पिसं फुलवतो, शेपटी पसरतो, डोकं खाली घालून पाण्याकडे झुकतो, मग अंग झटकतो आणि पुन्हा तेच करतो. घाबरलेला पोपट पिसं अंगाशी चप्प बसवतो, उंच आणि बारीक दिसायला लागतो, पाण्यापासून लांब कलतो. कॉकटीलचा तुरा तर उघडं पुस्तकच. एकदम ताठ उभा राहिला तर दचकलाय. डोक्याला चिकटून मागे सपाट झाला आणि सोबत फुत्कार असेल तर भीतीने चावायच्या तयारीत आहे. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागला तर आधीच फार उशीर झालाय. ज्यांना हे वाचता येत नाही त्यांनी पोपट पाळू नये असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी इतरांना सल्ला देऊ नये.

या मंडळींचा सगळ्यात वजनदार मुद्दा वेगळाच आहे आणि तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. ते विचारतात: रानातल्या पोपटाला पाऊस काय परवानगी विचारून भिजवतो? मृगाची सर आली की तो भिजतोच ना? मग घरातल्या पोपटाचे एवढे लाड कशाला?

पाऊस परवानगी विचारत नाही हे बरोबर. पण जूनमधल्या पहिल्या सरीत वडाच्या फांदीवर किंवा विजेच्या तारेवर उलटे लटकून, पंख पसरून भिजणारे आपले हिरवे पोपट ज्यांनी नीट पाहिलेत, त्यांना थव्यातले सगळे भिजत नाहीत हेही दिसलं असेल. काही पानांच्या दाटीत सरकतात, काही ढोलीच्या तोंडाशी जाऊन बसतात. पाऊस येतोय हे त्यांना आधी वाऱ्यावरून, अंधारून येण्यावरून कळतं. अंगावर थेंब पडायला लागल्यावर किती वेळ थांबायचं हे ते स्वतः ठरवतात, आणि उडून जायचं ठरवलं तर कोणी पाय पकडून ठेवत नाही. पंख कापलेला पोपट बाथरूमच्या बेसिनमध्ये धरला जातो तेव्हा यातलं काय शिल्लक असतं? फक्त पाणी. पावसाचं उदाहरण देणारे पाऊस लक्षात ठेवतात आणि फांदी विसरतात.

शिवाय कॉकटील आणि बजी हे मुसळधार पावसाचे पक्षी नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात भटकणारे हे थवे. बजींची आवडती आंघोळ म्हणजे दवाने किंवा पावसाने भिजलेल्या गवतात, पानांत अंग घासत फिरणं. त्यांना नळाच्या धारेखाली धरून "निसर्ग" शिकवणारा माणूस कुठल्या निसर्गाबद्दल बोलतोय, ते त्यालाच माहीत. आफ्रिकन ग्रे मात्र पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या दमट जंगलातला, त्याच्या बाबतीत पावसाचं नातं खरंच जवळचं आहे. तरीसुद्धा नव्या गोष्टींना घाबरण्यात ग्रे कुप्रसिद्ध आहे. एका वाईट आंघोळीनंतर स्प्रेची बाटली नुसती कपाटातून काढली तरी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसणारे ग्रे अनेकांच्या घरी आहेत.

आता बाटलीच निघाली म्हणून. आपल्याकडच्या घरांत स्प्रेच्या बाटलीचे दोन उपयोग एकाच वेळी चालतात आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. पोपट किंचाळला, पडदा कुरतडला, पाहुण्यांना चावला, की तोंडावर फसकन पाणी. आणि रविवारी सकाळी तीच बाटली घेऊन, "चल सोन्या, आंघोळ करू या." सोन्याने काय समजायचं? आठवडाभर ज्याने मारलं त्याच हाताने रविवारी लाड होणार आहेत, हे त्याला कसं कळावं? "आमच्या पोपटाला पाणीच आवडत नाही" अशी तक्रार करणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: बाटली शिक्षेला वापरता का? उत्तर बहुतेक वेळा थोडं थांबून येतं. या शिक्षेने किंचाळणंही थांबत नाही, हे वेगळंच. पोपट किंचाळतो तो थव्याला हाक म्हणून, कंटाळला म्हणून, कोणीतरी खोलीतून निघून गेलं म्हणून. पाण्याने यातलं एकही कारण दूर होत नाही, आणि वर आंघोळ कायमची बिघडते.

मग आंघोळ हवीच कशाला, असं कोणी विचारेल. हवी, पण ज्या कारणासाठी आपण घालतो त्या कारणासाठी नव्हे. पिसाच्या मधल्या दांडीला दोन्ही बाजूंनी बारीक तंतू फुटतात, त्या तंतूंना आणखी बारीक तंतू, आणि त्यांना सूक्ष्म आकडे. हे आकडे चेनसारखे एकमेकांत अडकलेले असतात म्हणून पीस सपाट राहतं, पाणी वरच्या वर घरंगळतं, अंगाची ऊब आत राहते. पोपट दिवसभर चोचीने पिसं साफ करतो म्हणजे सुटलेले आकडे पुन्हा अडकवत बसतो. पाण्याने पिसं जरा ओलसर झाली की हे काम त्याला सोपं जातं, नव्या पिसांवरची आवरणं मऊ होतात, एसीच्या कोरड्या हवेत खाजणारी त्वचा शांत होते. पाण्याचं काम एवढंच, बाकीची सफाई पोपटाची. तो पाण्यात स्वतः उतरला तरच नंतर तासभर चोच चालवत बसतो. धरून भिजवलेला पक्षी त्या तासात दांडीच्या टोकाला जाऊन थरथरतो.

म्हणून बेबी शॅम्पू, साबण, कडुलिंबाचा काढा, हळदीचं पाणी, पिसं चमकावीत म्हणून दोन थेंब खोबरेल, हे सगळे घरगुती प्रयोग उपकारक तर नाहीतच, चांगलेच अपायकारक आहेत. साबणाने पिसांवरचं नैसर्गिक तेल जातं, आणि तेलाने पिसं चिकटून ऊब धरून ठेवायची त्यांची क्षमता जाते. शिवाय पिसांवर लावलेली प्रत्येक गोष्ट पोपट चोचीने साफ करताना पोटात घेतो. साधं, खोलीच्या तापमानाचं किंवा जेमतेम कोमट पाणी, बस्स. वाळवायला हेअर ड्रायर आणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की काही ड्रायरच्या आतल्या भागांवर नॉनस्टिक तव्यासारखाच लेप असतो. तो तापल्यावर निघणारा वायू पक्ष्यांचा काही मिनिटांत जीव घेऊ शकतो.

खरं कारण बोलायचं तर बऱ्याच घरांत पोपटाला आंघोळ घातली जाते ती माणसांसाठी. कॉकटीलच्या अंगावर काही खास पिसं झिजून पांढरी भुकटी तयार होते. ग्रे आणि काकाकुवा यांचंही तसंच. ही भुकटी त्यांच्या पिसांचं संरक्षण करते आणि आपल्या टीव्हीवर, सोफ्यावर, काळ्या लॅपटॉपवर बसते. घरात दम्याचा माणूस असेल तर ती तक्रार खरी आणि गंभीर आहे, वर्षानुवर्षं श्वासात गेली तर निरोगी माणसाच्या फुप्फुसांनाही तिचा त्रास होऊ शकतो. तेव्हा खिडक्या उघडा, ओल्या फडक्याने पुसा, चांगला हवा शुद्ध करणारा फिल्टर लावा, फारच त्रास असेल तर हा पक्षी आपल्या घरासाठी नाही हे मान्य करा. पण आपल्या धुळीचा राग पक्ष्याला नळाखाली धरून काढू नका. भिजवल्याने भुकटी दोन दिवस कमी दिसेल, मग ती पुन्हा तयार होणारच.

"पिसं उपटतोय, आंघोळ घाला" हा सल्ला त्याहून धोक्याचा, कारण त्याने वेळ जातो. पिसं उपटण्यामागे त्वचेचा संसर्ग असू शकतो, चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोग असू शकतो, फक्त राळा आणि सूर्यफुलाच्या बियांवर वर्षं काढल्याने झालेलं कुपोषण असू शकतं, दिवसभर एकट्याने काढण्याचा कंटाळा असू शकतो. यातलं काय आहे ते पक्ष्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य सांगेल, स्प्रेची बाटली नाही.

अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठाच्या सुसान फ्रीडमन यांनी पाळीव प्राण्यांच्या, विशेषतः पोपटांच्या, वर्तनावर भरपूर लिहिलंय. एखादा उपाय लागू पडतो एवढं त्याच्या बाजूने पुरेसं नाही, हा त्यांच्या एका गाजलेल्या लेखाचा गाभा आहे. सगळ्यात कमी जबरदस्तीचा उपाय आधी वापरून पाहायला हवा, आणि तो न वापरता वरच्या पायरीवर उडी मारणाऱ्याने कारण द्यायला हवं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. मूठ हा पहिला उपाय, आणि धीराने करणाऱ्यालाच "एवढं कशाला?" म्हणून जाब विचारला जातो.

एवढं म्हणजे तरी किती? पाण्याने भरलेली उथळ ताटली, पोपट जिथे खातो तिथून पाच-सहा फुटांवर ठेवायची आणि विसरून जायचं. तो मान वाकडी करून बघेल, दुर्लक्ष करेल, परत बघेल. खाताना अंग सैल दिसलं की दुसऱ्या दिवशी ताटली थोडी जवळ. सैल नसेल तर थोडी लांब, कोणी हसत नाही. ताटलीत कोथिंबिरीच्या किंवा मेथीच्या चार काड्या तरंगत सोडल्या तर कॉकटीलला त्यात खाणं दिसतं, आणि बजीला तर आंघोळच दिसते. स्वच्छ धुतलेली मेथीची ओली जुडी पिंजऱ्यात टांगून ठेवा आणि बजी काय करतात ते पाहा, त्यांच्या गवताची तेवढीच फ्लॅटमधली आवृत्ती आहे ती. कॉकटीलला ताटलीपेक्षा धुकं आवडत असेल तर बाटलीची तोटी सगळ्यात बारीक करून फवारा त्याच्यावर नव्हे, बाजूच्या हवेत वर मारायचा, म्हणजे दोन-चार थेंब जमलेच तर वरून पडतील. थेंब नको असतील तर तो सरकेल. तो सरकला की त्या दिवसाचं काम संपलं.

सगळ्यांना इथेच पाणी मुरतंय असं वाटतं. तो सरकला आणि तुम्ही थांबलात, म्हणजे त्याने तुम्हाला जिंकलं ना? हट्टी होणार ना? माझ्या मते सगळं शिकवणं याच एका थांबण्यात आहे. सरकलो की पाणी थांबतं हे कळलेल्या पोपटाला पाण्याला घाबरायचं कारण उरत नाही, कारण पाणी आता त्याच्या ताब्यात आलं. मायर आणि सेलिगमन यांनी पन्नास वर्षांनी जे उलटं करून सांगितलं ते हेच. ज्याला थांबवता येतं, तोच पुढे जवळ येतो.

आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 मध्ये विकत घेतलेला ॲलेक्स हा आफ्रिकन ग्रे रंग, आकार, संख्या ओळखायला शिकला म्हणून जगभर गाजला. 2007 मध्ये तो गेला तेव्हा मोठ्या वृत्तपत्रांनी मृत्युलेख छापले. त्याच्या यादीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा शब्द मात्र रंगाचा नव्हे, नकाराचा होता. नको ती गोष्ट पुढे आली की तो इंग्रजीत 'नो' म्हणायचा, कंटाळला की परत जायचंय म्हणून सांगायचा, आणि प्रयोगशाळेतली माणसं ते ऐकून घ्यायची. बाकीचे पोपट इंग्रजी बोलत नाहीत, पण मान फिरवून, पिसं चप्प करून, दांडीच्या टोकाला सरकून तेच सांगतात.

अपवाद आहेत. पोपट गरम नसलेल्या तेलाच्या कढईत पडला, रंगात माखला, त्याच्या अंगावर विषारी काही सांडलं, तर संमती वगैरे विचारत बसू नये. मऊ टॉवेलात छाती न दाबता गुंडाळून त्याला लगेच पशुवैद्याकडे न्यावं आणि धुण्याचा निर्णय त्यांच्यावर सोडावा. जीव वाचवण्यासाठी धरणं वेगळं. आपला सोफा वाचवण्यासाठी धरणं या अपवादात बसत नाही. आजारी, मलूल, पिसं फुगवून बसलेल्या पक्ष्याला किंवा पुरती पिसं न आलेल्या पिल्लाला तर पाणी दाखवूही नये. निरोगी पक्ष्यालाही सकाळी उशिरा, ऊन चढल्यावरच पाणी दाखवावं, म्हणजे रात्र व्हायच्या आत तो पुरता वाळतो. पंखा बंद हवा. वाऱ्याच्या झोतामुळे तर खरंच, पण ओल्या अंगाने दचकून उडालेला कॉकटील फिरत्या पंख्याला आपटतो म्हणून जास्त.

शेवटचा आक्षेप वेळेचा. तुमच्या पद्धतीने महिने लागतील, असं म्हणतात. लागतील, काहींना आठवडे. कॉकटील पंधरा-वीस वर्षं जगतो, ग्रे त्याच्या दुप्पट. कुठे पोहोचायचंय आपल्याला? शिवाय वेळ वाचवणाऱ्यांचा हिशेबही तपासून पाहावा. धरून भिजवलेल्या पोपटाला पुढे औषध पाजायला, नख कापायला, पिंजऱ्यातून वाहतुकीच्या डब्यात घालायला हात पुढे केला की तो चावतो, आणि तो प्रत्येक वेळी चावतो. दर वेळी टॉवेल आणावा लागतो, घरातला दुसरा माणूस हाताशी लागतो. ते महिने कोणाच्या खात्यात मांडायचे?

आणि काही कॉकटील शेवटपर्यंत ताटलीत उतरत नाहीत, फवाऱ्याखाली पंख पसरत नाहीत. ओल्या मेथीत चोच घालतात, डोक्यावरची चार पिसं ओली करून घेतात आणि निघून जातात. पशुवैद्याने तपासून त्वचा आणि पिसं ठीक आहेत असं सांगितलं असेल, तर त्या पक्ष्याची आंघोळ तेवढीच.